सूज, दुखणे : जेवणानंतर

आमच्या विभागात रुग्णाच्या हाताला सुई लावण्यापूर्वी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेतला जातो. दोन पानांचा, साधा. मधुमेह आहे का, शरीरात कुठे धातूचा तुकडा आहे का, शेवटचे अन्न केव्हा घेतले, बंद जागेची भीती वाटते का. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक प्रश्न आहे : गेल्या महिन्याभरात स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत का? हा फॉर्म मी शेकडो वेळा वाचला आहे. स्वतःच्या हाताने मात्र एकदाच भरला, आणि तो माझा नव्हता.

मी डॉक्टर नाही. हे वाक्य मी आमच्या चाळीत इतक्या वेळा उच्चारले आहे की आता कुणी ते ऐकूनही घेत नाही. मी भौतिकशास्त्र शिकले आणि परळच्या एका रुग्णालयात मेंदूची चित्रे एकमेकांवर जुळवण्याचे काम करते. लालबागच्या आमच्या खोलीपासून ते चालत बारा मिनिटांवर आहे. जिन्याच्या तोंडाशी, तळमजल्याच्या पहिल्या खोलीत राहणाऱ्या काकांनी एकदा मला अडवून या कामाचा खुलासा मागितला होता.

"डॉक्टर नाय, मग काय गो तू?"

"एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, काका. दुसरा एक स्कॅन असतो, पेट म्हणतात, त्यात तिथल्या पेशी काय करतायत ते दिसतं. ती दोन्ही चित्रं मी एकावर एक बसवते."

"म्हंजे आधी आखणी, मग रंग. आणि रंग रेघेच्या बाहेर जाता कामा नये."

"अगदी बरोबर."

"मग आमच्याच धंद्यातली की. उगाच शिकलीस एवढं."

काका बोर्ड रंगवत. लालबागपासून दादरपर्यंतच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. उरला तो चाळीच्या प्रवेशाशी टांगलेला काळा फळा. पाण्याची वेळ, मंडळाची सभा, कुणाचे निधन, कुणाचा निकाल, सारे त्या फळ्यावर काकांच्या अक्षरात उमटे. माझा दहावीचा निकाल त्यांनी तीन रंगांच्या खडूंनी लिहिला होता, आणि शेजारच्या चाळीतली माणसे तो वाचायला आली होती. माझ्या महत्त्वाकांक्षेची सुरुवात कुठे झाली असे कुणी विचारले तर मी शाळेचे नाव सांगत नाही. त्या फळ्याचे सांगते.

आणि त्यांच्याच खोलीत, दाराजवळच्या फळीवर, चाळीचा औषधांचा डबा असे.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. कुणाचे दुखणे संपले की उरलेल्या गोळ्या त्यात जमा होत आणि ज्याला लागतील तो घेऊन जाई. मी बारावी विज्ञानला असताना दिवाळीच्या साफसफाईत हा डबा उपसला. मुदत संपलेली पाकिटे फेकली, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि लहान लहान लिफाफे केले. औषधांची नावे कुणाला कळणार नाहीत, तेव्हा उपयोग लिहावा असे मी ठरवले. मी सांगत गेले, काका लिहीत गेले. ताप. जुलाब. खोकला. एका शेजाऱ्यांच्या दम्याच्या गोळ्या होत्या. त्यांच्या चिठ्ठीवर सूज कमी करणारे औषध असे काहीसे होते. मी सांगितले, "लिहा, सूज, दुखणे. खाली लिहा, जेवणानंतर." काकांनी ते इतके सुबक लिहिले की लिफाफा फाटला तरी काकी त्यावरचा कागद कापून नव्या लिफाफ्याला चिकटवीत. पुढे तशाच गोळ्या आल्या की त्याच लिफाफ्यात जात. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या, हे मला रुग्णालयात लागल्यावर तरी कळायला हवे होते. कळलेही असेल. पण तोवर दिवाळीत डब्यातल्या पाकिटांची मुदत तपासण्यापलीकडे मी त्याकडे पाहत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका सकाळी काका फळ्यावर पाण्याची सूचना लिहीत होते. 'पाणी' या शब्दाचा काना त्यांच्या हातून सुटला आणि रेघ फळ्याच्या कडेपर्यंत घसरत गेली. उजव्या हाताची बोटे पाव मिनिट आपोआप उडत राहिली. पाहणारी मुले हसली. काकाही हसले आणि म्हणाले, "पाणी आज तळमजल्यापर्यंतच येणार असं दिसतंय." हे मला संध्याकाळी काकींनी सांगितले, आणि जाता जाता हेही सांगितले की महिनाभर त्यांचे डोके दुखते आहे.

मी त्याच आठवड्यात दादरच्या एका केंद्रात त्यांचा एमआरआय करवला. डाव्या बाजूला, हाताच्या हालचालींचे नियंत्रण जिथे असते त्या भागावर, मेंदूचे आवरण जाड झाले होते. मेंदूभोवतीच्या या आवरणात गाठी होतात. बहुतेक साध्या आणि संथ असतात. पण क्वचित त्याच जागी कर्करोग येतो, आणि एमआरआयमध्ये तो हुबेहूब साध्या गाठीसारखा दिसतो. कधी ती नुसती सूजही असते. रिपोर्टमध्ये या तिन्ही शक्यता होत्या. केंद्रातल्या माणसाने काकांना त्यांतली सर्वांत सौम्य तेवढी सांगितली : "आवरणाला सूज आहे, काका. पुढची तपासणी करून घ्या."

पुढची तपासणी म्हणजे माझे काम. त्यात रुग्णाला दोन वेगवेगळ्या दिवशी दोन द्रव्ये टोचतात. पहिले साखरेसारखे असते. ज्या पेशींना भूक जास्त त्या ते जास्त खातात. दुसरे आवरणाच्या साध्या गाठींना चिकटते, इतरांना सहसा नाही. ही दोन्ही चित्रे एमआरआयवर बसवली की जागेचे रूप आणि वागणे एकत्र दिसते. रूप साध्या गाठीचे, दुसरे द्रव्य चिकटत नाही आणि साखर मात्र अधाशासारखी खाल्ली जाते, असे आढळले की दुर्मीळ कर्करोगाचा संशय घ्यायचा आणि बायोप्सी करायची. अडचण एवढीच की खुद्द मेंदूही साखर भरपूर खातो आणि आवरण त्याला खेटून असते. चित्र दोन मिलिमीटर सरकले तरी मेंदूची चमक आवरणाच्या नावावर जाते. ते सरकू न देणे हे माझे कौशल्य. त्यावर मी एक शोधनिबंध लिहीत होते, परदेशातल्या एका परिषदेत तो मांडायचा होता आणि मला चांगली उदाहरणे हवी होती. काकांचा एमआरआय पाहताना मला भीती वाटली हे खरे. भीतीच्या पाठोपाठ, हे उदाहरण उत्तम होईल असेही वाटले, हेही खरे.

अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या अकरा दिवसांत काकांनी काय केले ते मला फार उशिरा कळले. डोके ठणकत होते. सूज आहे असे एका शिकलेल्या माणसाने सांगितले होते. आणि दाराजवळच्या फळीवर, त्यांच्याच अक्षरातला, माझ्या शब्दांतला लिफाफा होता : सूज, दुखणे. त्यांनी गोळ्या नियमाने, जेवणानंतर, घेतल्या.

तपासणीच्या सकाळी मी त्यांना स्वतः घेऊन गेले. प्रतीक्षागृहात फॉर्म हातात आला तेव्हा काकांनी खिशातले पेन काढले. बोटांत अजून किंचित ताठरपणा होता.

"द्या इकडे," मी म्हटले. "मला तोंडपाठ आहे तो."

"बरं झालं. एवढं इंग्रजी कोण वाचतो." ते भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होते. "शांतता राखा. बघितलंस? 'ख' केवढा फुगलाय. पाच महिन्यांचा वाटतो."

"काका, हळू बोला."

"मी हळूच बोलतोय. पाटीच ओरडतेय."

मी हसत हसत खुणा करत गेले. मधुमेह, नाही. धातू, नाही. बंद जागेची भीती, नाही. या माणसाने दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढले होते. स्टिरॉइड, नाही. काका माझ्या उजव्या हाताला वीतभर अंतरावर बसले होते. अनोळखी रुग्ण असता तर मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचला असता, दोनदा विचारला असता, गोळ्यांची पाकिटे दाखवा म्हटले असते. काकांना मी जन्मापासून ओळखत होते, म्हणून काहीच विचारले नाही.

आठवड्याच्या बैठकीत दोन्ही दिवसांची चित्रे पडद्यावर आली. सोबतच्या नव्या एमआरआयमध्ये आवरणाचा जाडपणा दादरच्या एमआरआयपेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता. साखर फिकी, दुसरे द्रव्यही फिके. माझी जुळवणी निर्दोष होती. ती मी नंतरही तीनदा तपासली आहे. विभागप्रमुख मॅडमनी दादरचा एमआरआय शेजारी लावायला सांगितला.

"आपोआप कमी झालं? स्टिरॉइड चालू होतं का?"

"नाही, मॅडम. फॉर्म मीच भरलाय. घरचेच आहेत."

"घरचे असू देत. विचारलंस ना त्यांना?"

"हो," मी म्हटले.

या एका शब्दाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. ते खोटे बोलणे होते. त्या क्षणी मात्र ते तसे वाटले नाही. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो प्रश्न विचारल्यातच जमा, असे काहीसे माझ्या मनात होते. भरलेल्या खोलीत मॅडमसमोर, परिषदेला तीन महिनेही उरले नसताना, "थांबा, विचारून सांगते" असे म्हणणे मला कमीपणाचे वाटले असावे. फोन केला असता तर काका पहिल्या घंटेला उचलतात.

स्टिरॉइडने काही कर्करोग तात्पुरते विरघळतात. आवरणातला लिम्फोमा हा त्यांतलाच एक. गोळ्या चालू असताना तो स्कॅनमध्ये जवळजवळ दिसेनासा होतो आणि गोळ्या थांबल्या की परततो. हे आमच्या क्षेत्रातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते, आणि फॉर्मवरचा तो प्रश्न त्यासाठीच आहे. बैठकीत निष्कर्ष निघाला : बहुधा सूज, ओसरते आहे, बायोप्सीची आता गरज नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

चाळीत मी ही बातमी दिली तेव्हा काकींनी नारळाच्या वड्या केल्या. "तू होतंस म्हणान झाला गो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. काका म्हणाले, "डोकंपण थांबलंय बघ." मी मान डोलावली. महिनाभर दुखणारे डोके औषधाविना का थांबले, हा प्रश्न मला त्या दाराशी, वडी हातात असताना, पडायला हवा होता. तो लिफाफा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता.

काकांची चित्रे मी निबंधात घेतली. नाव न देता, त्यांना विचारून. हे मात्र मी विचारले होते. ते हरखले होते. "माझं डोकं परदेशात चाललं, आणि मी अजून ठाण्याच्या पुढे गेलो नाय." अनावश्यक बायोप्सी टाळण्यात जोडचित्रांचा कसा उपयोग होतो, याचे ते माझे मुख्य उदाहरण होते.

मी परिषदेला निघाले त्या दिवशी चाळीच्या गणपतीची तयारी सुरू होती. बॅग ओढत बाहेर पडताना मी फळा पाहिला. आरतीच्या वेळा लिहिल्या होत्या आणि अक्षरे उजवीकडे कलली होती. तीस वर्षांत न हललेली रेघ कलली होती. काका खुर्चीत बसून खडू डाव्या हाताने पुसत होते.

"हात जड वाटतो का?" मी विचारले.

"जरासा. गणपतीची धावपळ. तू जा, विमान सुटेल."

तीन महिन्यांनंतरची तपासणी गणपतीनंतरची ठरलेली होती. परत आल्यावर पाहू, असे मी स्वतःला सांगितले आणि गेले.

परिषदेत माझे भाषण चांगले झाले. काकांच्या मेंदूचे चित्र भिंतीएवढ्या पडद्यावर होते, दोन फिके ठिपके आणि त्यांभोवती माझी अचूक कड. टाळ्या झाल्या. एका ज्येष्ठ संशोधकांनी तोच प्रश्न विचारला, स्टिरॉइडचा, आणि मी तेच उत्तर दिले. आता ते पाठच झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा फोन आला. काकांना मोठी आकडी आली होती, मंडपातच, सगळ्यांसमोर, आणि शुद्धीवर आल्यापासून उजवा हात उचलत नव्हता.

मी परतले तेव्हा ते आमच्याच रुग्णालयात होते. नव्या स्कॅनमध्ये आवरण दुपटीने जाड होते आणि साखरेची चमक इतकी प्रखर की जुळवणीची गरजच नव्हती. कुणालाही दिसली असती. बायोप्सीत आवरणातला लिम्फोमा निघाला. त्याआधी एका निवासी डॉक्टर मुलीने पलंगाशी स्टूल ओढून काकांची सगळी हकीकत नव्याने विचारून घेतली होती. मी पायथ्याशी उभी होते.

"काका, मे महिन्यात कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"घेतल्या की. सुजेच्या."

"कुणी दिल्या?"

"डब्यातल्या. नऊ-दहा दिवस घेतल्या, मग संपल्या." माझ्याकडे पाहून ते हसले. "हिनेच नावं घातलीत सगळ्यांवर. आमचा डबा म्हंजे मेडिकल आहे."

डॉक्टर मुलीने ते लिहून घेतले. तिला तीन मिनिटे लागली. घड्याळ पलंगाच्या वरच्या भिंतीवरच होते, म्हणून मला आठवते.

उपचार झाले. हा कर्करोग दुर्मीळ असला तरी उपचारांना दाद देतो, आणि काकांच्या बाबतीत त्याने ती दिली. ते घरी आहेत, जेवतात, थट्टा करतात. हात परत आला नाही. तीन महिने आधी निदान झाले असते तर तो वाचला असता का, याचे काटेकोर उत्तर माझ्याकडे नाही. तुलनेसाठी दुसरे काका नाहीत. पण पहिल्या एमआरआयच्या वेळी ते फळा लिहीत होते आणि निदान झाले तेव्हा त्यांना पेला धरता येत नव्हता, एवढी मोजमापे मला पुरेशी आहेत.

मॅडमना मी सर्व सांगितले, तो "हो" धरून. त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "जुळवणी बरोबर होती तुझी," एवढेच म्हणाल्या, आणि मग, "निबंधाचं काय करणार?" मी तो मागे घेतला. आता आमच्या विभागात ओळखीच्या रुग्णाचा फॉर्म ओळखीच्या माणसाने भरायचा नाही असा नियम आहे. तो का झाला हे नव्या लोकांना माहीत नाही.

काकांना सांगायला मात्र मी पाच महिने लावले. किरणोपचार संपू देत, अशक्तपणा जाऊ दे, अशी कारणे मी स्वतःला पुरवत राहिले. शेवटी एका रविवारी दुपारी, काकी आत झोपलेल्या असताना, त्यांच्या दाराशी बसून सांगितले. लिफाफा, फॉर्म, बैठक, परिषद. क्रमाने, काहीही न गाळता, जसे मी एखादे प्रकरण मांडते तसे.  उजवा हात काकांनी मांडीवर डाव्या हाताखाली ठेवला होता.

"फॉर्म भरत होतीस तेव्हा मी शेजारीच होतो ना गो?"

"हो."

"'ख' वर बोलत होतो मी."

"हो, काका."

"मग विचारायचंस." आवाज चढला नव्हता. "मी सांगितलं असतं."

यापलीकडे ते त्या विषयावर काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी क्षमा मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही हे मला कळले नाही. ते प्रवेशाकडे पाहत होते. फळा गणपतीपासून कुणी पुसला नव्हता. आरतीच्या कललेल्या वेळा फिक्या होऊन तशाच होत्या.

मग ते म्हणाले, "डबा टाकलास ना?"

"टाकला. कालच."

"मग लोकांना कळायला नको? उद्या कोण तरी तापाची गोळी मागायला येईल. घे खडू."

मी ओल्या फडक्याने फळा पुसला. काकांनी खुर्ची दाराबाहेर ओढून घ्यायला लावली. मी लिहिले : औषधांचा डबा बंद झाला आहे. माझे अक्षर वाईट नाही, त्यांनीच वळवलेले आहे. तरी 'ध' त्यांनी दोनदा पुसायला लावला आणि 'ब' एकदा. वाक्य पूर्ण झाले तेव्हा खाली अर्धा फळा मोकळा होता. कारण लिहावे, असे मला वाटत होते. कुणाच्या चुकीने, हेही लिहावेसे वाटत होते. पण तो फळा माझा नव्हता.

"खाली काय लिहू, काका?"

"आता बरी विचारतेस," ते म्हणाले.

मी खडू घेऊन उभी राहिले.  मग डाव्या हाताने त्यांनी मला जरा बाजूला व्हायची खूण केली, म्हणजे त्यांना संपूर्ण ओळ दिसावी.